पहिला वन्समोअर माझा

त्या हिरोने नंतर म्हणे मोबाइलवरच्या कुठल्याशा मुलाखतीत सांगितलं, की इंदूरच्या प्रेक्षकाला नाटक बघायची तमीज नाही. तमीज! तीन तास नुसते ओठ हलवून आम्हाला गाणं ऐकवणाऱ्या माणसाने आम्हाला तमीज शिकवायची. मुलाखत मला ऑफिसातल्या एकीने पाठवली होती. मी ती गॅसपाशी उभी राहून बघितली आणि दूध उतू गेलं. माझा स्वभावच तसा आहे. आमच्या विजय नगरच्या ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'लवंगी' म्हणतात, मला ठाऊक आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण त्या मुलाखतीतलं एक वाक्य खरं होतं. तो म्हणाला, एका बाईने ओरडायला सुरुवात केली आणि मग सगळा हॉल बिघडला.

ती बाई मी. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही, म्हणून लिहून टाकते.

माझा मामा इंदुरातच अन्नपूर्णेला राहतो, देवळाच्या मागच्या गल्लीत. वय अठ्ठ्याहत्तर. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. पुढचं माझं सगळं, लग्नासकट, मामा-मामीने केलं. नोकरी त्याने मिलच्या ऑफिसात केली, पण मिलमधला माणूस म्हणून त्याला कोणी ओळखत नाही. इंदूरच्या मराठी लोकांत तो पेटीवाला. साधी पेटी नव्हे, पायपेटी, म्हणजे तो ऑर्गन, ज्याचा भाता पायाने मारावा लागतो. वर बोटं कितीही चालोत, खाली पाय थांबले की सूर मेला. आमच्याकडे हौशी मंडळी संगीत नाटकं बसवायची, त्या काळापासून रंगमंचाच्या पुढ्यात डाव्या हाताला मामा बसलेला असायचा. आता तशी नाटकं बसवणारे राहिले नाहीत, आणि पायपेटी वाजवणारा गावात हा एकटाच उरलाय. तेवढीच त्याची इस्टेट, की लोक रस्त्यात थांबवून म्हणतात, पेटी ऐकावी तर तुमची.

बाहेरच्यांना आमचं वन्समोअरचं प्रकरण कळत नाही. संगीत नाटकात पद आवडलं की प्रेक्षकांतून कोणीतरी 'वन्समोअर' ओरडतं, मग हॉल ते उचलतो, आणि नटाला ते पद परत म्हणावं लागतं. लागतंच. गोष्ट कुठवर आली होती, नायिका रडत होती की मरत होती, हे कोणी बघत नाही. नट दमलेला असला तर पेटीवाला त्याला सूर देऊन उभा करतो, म्हणून आमच्या घरात वन्समोअर जितका नटाचा तितकाच मामाचा धरला जायचा. एकदा एका हौशी नायकाचा आवाज ऐन पदात फुटला, पुढे त्याला गाताच येईना. लोकांनी तरी वन्समोअर दिला, अर्धा चिडवायला. मामाने नटाकडे बघितलंसुद्धा नाही. अख्खं पद त्याने एकट्याने पेटीवर वाजवलं आणि लोक गप ऐकत बसले. हे मी पाहिलेलं नाही, मी तेव्हा पाळण्यात होते, पण इंदुरात मला ते इतक्या जणांनी सांगितलंय की पाहिल्यासारखंच आहे.

तर यंदा उन्हाळ्यात बातमी आली की मुंबईहून एक जुनं संगीत नाटक येतंय. नाटकाचं नाव मी लिहीत नाही, त्या बिचाऱ्याची काय चूक? पणजोबांच्या काळचं नाटक, पदं घराघरांत पाठ. नायक म्हणून सीरियलमधला तो हिरो, ज्याच्यापायी आमच्या बिल्डिंगमधल्या बायका रोज संध्याकाळी भाजी करपवतात. नाटक आणणाऱ्या इथल्या संयोजकाचा मामाला फोन आला: पायपेटी घेऊन तुम्हीच बसायचं काका, इंदुरात दुसरं आहे कोण.

मामा बदललाच हो. सकाळचे पोहे झाले की पेटीवर, ते मामी जेवायला हाक मारेपर्यंत. असं दीड महिना. भाता दुरुस्त करून घेतला, तो मारायच्या खालच्या पायट्यांना तेल दिलं. मामी करवादायची, "या वयात गुडघ्यांचं वाटोळं करून घ्या," आणि तिनेच त्याचा पांढरा कोट इस्त्रीला टाकला. कधीकधी तो मला दुपारी फोन करायचा, फोन पेटीवर ठेवायचा आणि एखादी जागा वाजवून विचारायचा, "अशी घेऊ की मघासारखी?" मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हणायचे, "मघासारखी." त्याला तेवढं पुरायचं.

आणि मी काय केलं? मी ढोल पिटला. व्हॉट्सॅपवर इंदूरच्या मराठी लोकांचे जेवढे ग्रुप आहेत तेवढ्यांवर टाकलं, 'पायपेटीच्या साथीला आमचे मामा, सगळ्यांनी यायचंच.' शाळेच्या मैत्रिणी, ऑफिसचे लोक, नातेवाईक, मामाच्या जुन्या नाटकवाल्यांपैकी जे हिंडतेफिरते आहेत ते. काहींना तर मी दोनदा फोन केला. मामा म्हणायचा, "अगं, पुरे," पण त्याला ते आवडत होतं.

प्रयोग रविवारी दुपारी चारचा होता. सकाळी पेटी लोडिंग रिक्षात चढवली. मामा हट्टाने तिच्याशेजारी मागे बसायला निघाला, त्याला ओढून मी माझ्या गाडीत घातलं आणि दहाला थिएटरवर सोडलं. बाराच्या सुमारास त्याचा फोन.

"अगं बेटा, गर्मी फार आहे. तू आलंच पाहिजेस असं काही नाही."

मी म्हटलं, "मामा, तुला अजून नाटकाआधी पोटात गोळा येतो का रे?"

तो म्हणाला, "लोक येणार आहेत का बरेच?"

"बरेच? अख्खं इंदूर येतंय. मी बोलावलंय."

"बरं, बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. मी आरशापुढे साडीला पिन लावत होते. माझ्या डोक्यात काही म्हणता काही शिरलं नाही.

हॉल खचाखच भरला होता. मामीचे गुडघे धरलेले, म्हणून ती घरीच होती. मी आठव्या रांगेत मधोमध. मान वळवून बघितलं तर मागच्या चार-पाच रांगांत सगळी माझीच माणसं, कोणी हात हलवतंय, कोणी मामाकडे बोट दाखवतंय. पांढरा कोट घालून मामा डावीकडे बसला होता. पुढच्या डोक्यांमुळे मला तो छातीपासून वरच दिसत होता. मी हात केला. त्याने बघितलं नाही.

नांदी सुरू झाली ती अशी दणकन, की माझ्या शेजारच्या काकूंनी कानांवर पदर घेतला. पेटी, तबला, सारंगी, सगळं दोन्ही बाजूंच्या मोठाल्या स्पीकरांतून.

मागून एका म्हाताऱ्याने लगेच विचारलं, "तबलजी कुठाय?"

"आत बसला असेल," मी वळून म्हटलं.

"आत? तबलजी आत आणि पेटीवाला बाहेर? हे काय नवीन?"

"पेटीवाले माझे मामा आहेत," मी म्हटलं, जसं काही ते उत्तरच होतं. म्हातारा पुटपुटत गप बसला.

हिरो आला तेव्हा शिट्ट्या झाल्या, मोबाइल वर झाले, ते सगळं झालं. पहिल्या पदाला मात्र हॉल थंड पडायला लागला. हा बाबा गाता गाता पायऱ्या चढला, उतरला, नायिकेला गिरकी दिली, पाठ फिरवली, आणि आवाज आपला एका जागी, तस्साच्या तसा. धाप नाही, कंप नाही. मग त्याने दिग्दर्शकाने दिलेला चांदीचा पेला तोंडाला लावला आणि आलाप चालूच.

"अहो, हा तर पाणी पितापिता गातोय!" कोणीतरी म्हणालं आणि दोन रांगा खिदळल्या.

"भिया, पेट से गा रिया है," बाल्कनीतून एक.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाही गाता येत ना, मग नको घेऊस संगीत नाटक. सीरियलमध्ये बैस सोफ्यावर, कोण नको म्हणतंय? आमच्या लहानपणी नाटकात आवाज फुटला तर लोक सांभाळून घ्यायचे, कारण तो आवाज त्या माणसाचा असायचा. हा तर आवाजही दुसऱ्याचा लेवून आला होता आणि वर प्रत्येक पदानंतर छातीवर हात ठेवून वाकत होता. मी शेजारच्या काकूंना म्हटलं, "मेल्याला लाज नाही." काकू म्हणाल्या, "पेटी मात्र गोड हो." मी फुलले. हिरोचा गळा टेपवरचा असेल, पण पेटी आमच्या मामाची, अशी मी मनाशी गाठ मारली होती. जागा मामाच्या नव्हत्या, दीड महिना फोनवर ऐकल्यावर एवढं मलाही टोचत होतं. मी माझ्या कानालाच दटावलं. मुंबईवाल्यांनी सांगितलं असेल तसं वाजवत असेल, दुसरं काय.

मध्यंतरात बाहेर कचोरीच्या स्टॉलपाशी लोक नुसते पेटले होते. "हे नाटक आहे की मिरवणुकीतला डीजे?" "माझे आजोबा असते तर स्टेजवर चढून कान धरला असता." "अहो, पुण्यात म्हणे हाउसफुल चाललंय!" "चालू दे पुण्यात, पुणेकरांचं काय सांगता." इंदूरच्या मराठी माणसाला पुण्याचं नाव काढलं की आधीच अंगावर येतं, कारण तिथे गेलं की आमच्या मराठीला हसतात. त्यात हा असला माल आमच्या गळ्यात मारलेला. हे लोक आपल्याला अडाणी समजतात, असं एकदा मनात आलं की आम्ही मग कोणाचे नसतो. माझी एक शाळेतली मैत्रीण म्हणाली, "तुझ्या मामांसाठी बसलोय गं, नाहीतर उठलोच होतो."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मी आत जाऊन मामाला भेटायला बघत होते, पण दारातल्या माणसाने अडवलं, कलाकारांना भेटायचं नाही. मामा चहाला बाहेरही आला नव्हता. मी जागेवर येऊन बसले आणि ठरवलं. दुसऱ्या अंकात भीमपलासातलं ते पद येतं, ज्याच्या शेवटी पेटी एकटीच वाजत राहते. ते संपलं की मी वन्समोअर देणार. हिरो गेला खड्ड्यात. माझ्या मामाची टाळी त्या ढोंग्याच्या पदरात का पडावी?

पद आलं. स्पीकरांतून आलं, हिरोने ओठ हलवले, शेवटी पेटी वाजत राहिली आणि संपली. टाळ्या वाजल्या त्या अगदी शिष्टाचाराच्या, ओल्या फटाक्यांसारख्या. हिरो वाकला. आणि मी उभी राहिले, आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते अशी ओरडले.

"वन्समोअर!"

आधी मागचा म्हातारा, "वन्समोअर!" मग माझ्या मैत्रिणी, मग उजवी बाजू, मग बाल्कनी. टाळ्यांचा ठेका धरून अख्खा हॉल ओरडायला लागला. मला आधी वाटलं, वा! माझ्या एका हाकेला इंदूर उठलं. मग आवाजाची धार कानाला लागली. कौतुकाने कोणीच ओरडत नव्हतं. टेपवाल्याला परत म्हणायला लावा म्हणजे पितळ उघडं पडेल, असा सगळ्यांचा बेत होता आणि तो बेत माझ्या तोंडून सुरू झाला होता.

हिरोने हात जोडले. "थँक यू इंदौर! लव्ह यू इंदौर!" म्हणाला आणि पुढचं वाक्य बोलायला लागला. लोकांनी बोलू दिलं नाही.

"मुंह खोल के गा!"

"एकच ओळ म्हण रे बाबा, टेपशिवाय!"

तो विंगेत बघायला लागला. नायिका आधीच दोन पावलं मागे सरकली होती. बाई शहाणी. तेवढ्यात माझ्या मागून तो म्हातारा उठला. तो मामाचा जुना तबलजी निघाला, चाळीस वर्षांत इतका बदललेला की मी ओळखलाच नव्हता. तोंडाशी हात धरून त्याने मामाला हाक मारली, "अरे, त्याला येत नाही तर तू वाजव! तेव्हा वाजवलं होतंस तसं वाजव!"

हे ज्यांना माहीत होतं त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. "पेटीवाले काका, तुम्ही वाजवा!" सगळा हॉल मामाकडे वळला, आणि मग हळूहळू गप झाला, कारण आता ऐकायचं होतं. माझ्या अंगावर काटा आला. मी मनात म्हणत होते, वाजव मामा, दाखव यांना.

मी अजून उभीच होते, म्हणून मला नीट दिसलं. मामाने एकदा लोकांकडे बघितलं. मग पेटीवरचे दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

आणि त्याच वेळी आत जो कोणी मशीनवर बसला होता, त्याने घाबरून पद पुन्हा लावलं.

पेटी वाजायला लागली. तीच गोड पेटी, हॉलभर, आणि मामाचे हात मांडीवर.

कोणालाच आधी काही उमगलं नाही. मग पहिल्या रांगेतून एक जण हसला. मग माझ्या मागच्या रांगा, माझी माणसं, माझ्या मैत्रिणी, मी दोनदोनदा फोन करून बोलावलेले. "पेटी आपोआप!" "भूत बजा रिया है, भिया!" "काका, हात तरी ठेवा वर!" हिरोला कोणी विचारेना. तो तर मुंबईचा, परका, त्याला हसून काय मिळणार? हसायला घरचा माणूस सापडला होता.

मामाने काय करावं? त्याने हात उचलून परत पेटीवर ठेवले आणि टेपच्या ठेक्यावर बोटं हलवायला लागला. सकाळी त्याला जसं सांगितलं असेल तसं. ते बघून हॉल आडवा पडला. मी पुढच्या माणसाच्या खांद्यावरून वाकून बघितलं, तेव्हा मला पहिल्यांदा त्याचे पाय दिसले. खुर्चीखाली मागे घेऊन, एकावर एक ठेवले होते. पायट्यांना ते लागलेलेच नव्हते, अगदी नांदीपासून नसणार.

"गप बसा!" मी ओरडले. "हसताय कोणाला?" मघाशी एका शब्दावर उठलेला हॉल आता मला ऐकतही नव्हता. शेजारच्या काकू पदरात तोंड घालून हसत होत्या. मी त्यांना काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या अंकाला अर्धे लोक उठून गेले. उरलेले बसले ते चेष्टा करायला. प्रत्येक पदानंतर वन्समोअर, आणि तो आता सरळ मामाच्या नावाने. मामा शेवटपर्यंत बसून होता, शेवटपर्यंत बोटं हलवत होता. माझ्या मनात आलं की ऊठ रे, लाथ मार त्या पेटीला आणि ये निघून. तो उठला नाही.

प्रयोग संपल्यावर मागच्या दारी ही गर्दी. हिरोची गाडी पडदे ओढून निघाली, लोकांनी काचा बडवल्या. मी संयोजकाला गाठलं. म्हटलं, "शरम नाही तुम्हाला? माझ्या मामाला खेळणं करून बसवलंत? पेटी काय शोभेला पाहिजे होती?"

"हो मॅडम, शोभेलाच," तो बिचारा घामाघूम होऊन खरं बोलून गेला. "ट्रॅक आहे, पेटीचा खरा एकही सूर निघता कामा नये, हे मलाही सकाळीच कळलं. मी काकांना तेव्हाच सांगितलं. म्हटलं, तुम्हाला नसेल बसायचं तर जा घरी, मैं कुछ नहीं बोलूंगा. काका निघाले पण होते. मग फोन करून आले आणि बोलले, माझ्या भाचीने सगळ्यांना बोलावून ठेवलंय, आता मी उठलो तर तिची इज्जत जाईल."

मी वळून मामाला शोधायला लागले.

मामा कोट हातावर घेऊन आला. वाटेत तो जुना तबलजी उभा होता. "काय रे," तो म्हणाला, "न वाजवता वाजवायला कधी शिकलास?"

"आजच," मामा म्हणाला आणि हसला.

मी त्या म्हाताऱ्याच्या अंगावर गेले. तुम्हीच आग लावली, तुम्हीच हसलात, मित्र म्हणवता का स्वतःला? तो म्हातारा चपापला, काही म्हणायला लागला, मी म्हणू दिलं नाही. लोक जमले. मामाने माझ्या दंडाला धरलं, "चल बेटा. पेटी ते उद्या पाठवणार आहेत."

थिएटरपासून अन्नपूर्णेपर्यंत मी शिव्या देत गाडी चालवली. त्या हिरोला, संयोजकाला, मुंबईला, पुण्याला, तबलजीला, काकूंना, आमच्या सगळ्या इंदूरला. काय ही माणसं, म्हणे दर्दी, म्हणे रसिक, यांना संगीत नको, यांना कोणाची तरी फजिती पाहिजे! एका सिग्नलला मागच्याने हॉर्न दिला तर काच खाली करून त्यालाही ऐकवलं. जितक्या मोठ्याने बोलत होते तितकं बरं वाटत होतं, कारण थांबले असते तर संयोजकाचं ते वाक्य परत ऐकू आलं असतं. मामा बाहेर बघत होता. पहिली हाक कोणाची हे गर्दीत कोणाला कळणार, असंही मी मनाशी म्हणून घेतलं. एवढ्या गलक्यात कोण ओळखतो कोणाचा आवाज.

मामी दारातच होती. आम्ही बसलो, तिने चहा दिला, मामाने मोजे काढले. मी म्हटलं, "मामी, काही विचारू नकोस, नाटक अगदी फालतू होतं." मामीला नाटकाशी काही देणंघेणं नव्हतं. लग्न झाल्यापासून प्रयोगाहून मामा घरी आला की ती एकच प्रश्न विचारते.

"वन्समोअर आला का हो?"

"आला," मामा म्हणाला.

मामीचा चेहरा उजळला. "बघ! मी म्हणत नव्हते? कोणी दिला?"

"हिने." मामाने बशी खाली ठेवली. "पहिला आवाज हिचाच होता."

मामी माझ्याकडे बघून हसली, हात लांब करून माझ्या गालाला लावला. "गुणाची गं माझी. मग? वाजवलंत ना परत?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही वाजवता आलं," मामा म्हणाला. रागावला असता तर मला सोसलं असतं. मी रागाचं माणूस आहे, मला राग कळतो. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "एवढ्या वर्षांत एकदाच नाही घेता आला, आणि तोही घरच्या पोरीने दिलेला."

मामीला काहीच कळलं नाही. तिला वाटलं, हात भरून आला असेल. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? उद्या पेटी येईल. उद्या वाजवा, हिच्यापुरतं."

"विचार तिला," मामा म्हणाला. "ऐकेल का."

मला हो म्हणायचं होतं. साऱ्या हॉलशी भांडून आलेली मी, माझ्या तोंडातून तो एक शब्द फुटला नाही. मामा उठला आणि पाय धुवायला मोरीत गेला.